पाठ दुखते, म्हणजे नेमकं काय होतं?

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. नाव नीट उच्चारायलाच महिना गेला. घरात सगळे 'पाठीचा वात' म्हणतात आणि तेवढ्यावर काम भागतं. आजार पूर्ण बरा होणारा नाही, आटोक्यात राहणारा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात पाठ धरायला लागली. तिथपासून आजवरचं निदान, औषधं, पैशांची जुळणी आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार असं सगळं इथे ओळीने लिहितोय. मी डॉक्टर नाही, तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब बघतो. औषधांची नावं येतील ती ओळख असावी म्हणून, मनाने घ्यायला नव्हे.

तेव्हा वय चौतीस. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची. कुशीवर वळायचं तर आधी कॉटची कड धरायची, मग श्वास रोखायचा, मग वळायचं. उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी. चूळ भरायला बेसिनवर वाकता यायचं नाही, म्हणून भिंतीला हात टेकून उभ्यानेच भरायचो. आणि अकरा वाजले की माणूस जवळपास ठीक! त्यामुळे कुणाला पटायचंच नाही. "दुपारी सौद्यात पळत असतोस आणि सकाळी म्हणे उठता येत नाही," असं एका नातेवाइकाने तोंडावर सांगितलं. रविवारी दिवसभर आडवं पडलं की सोमवारी जास्त दुखायचं, हे तर मलाच चमत्कारिक वाटायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "मणक्यात थोडा गॅप आहे," म्हणाले. बेल्ट, दहा दिवसांच्या गोळ्या, सक्तीची विश्रांती. गोळ्या असेपर्यंत बरं आणि संपल्या की पुन्हा तेच, असं वर्षभर चाललं. मधे एकजण पाठ कडाकडा मोडून देतो म्हणून घरापर्यंत आला होता. आईने त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "माझ्या पोराच्या पाठीला हात लावलास तर बघ." पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात मणके कडक होऊन एकमेकांना जुळू शकतात, अशा पाठीला हिसका दिला तर मणका मोडायची भीती असते. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला तो माणूस आवडला नव्हता, एवढंच.

निदान झालं ते डोळ्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये डावा डोळा लालभडक झाला, उजेडाकडे बघवेना. बेदाण्याची धूळ गेली असेल म्हणून दोन दिवस नुसते थेंब घातले, मग सांगलीत नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "युव्हायटिस आहे. आतून सूज आलीय." मग एकदम विचारलं, "पाठ दुखते का?"

"दुखते."

"झोपल्यावर बरं वाटतं की हालचाल केल्यावर?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी सांगितलं, हालचाल केल्यावर. त्यांनी डोळ्याचे थेंब लिहिले आणि सोबत संधिवात तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. चाळिशीच्या आतलं वय, तीन महिन्यांच्या वर चाललेली पाठदुखी, रात्रीच्या उत्तरार्धात जाग, सकाळचा अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, आणि विश्रांतीने वाढणारं, चालण्याने कमी होणारं दुखणं. एवढं जुळत असेल तर हाडांच्या डॉक्टरांनाच विचारा, "हा सुजेचा वात असू शकतो का?" आणि लाल डोळ्यात उजेड खुपत असेल तर घरच्या थेंबांवर दिवस काढू नका.

मिरजेच्या संधिवात तज्ज्ञांची तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मिरजेची दवाखान्यांची परंपरा जुनी आहे, वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं. अजूनही अथणी, जमखंडीपासून लोक येतात, वेटिंगमध्ये निम्मं बोलणं कानडीत चालतं. तासगावहून सांगलीपर्यंत एसटी आणि पुढे वडाप (शेअर जीप) किंवा रिक्षा. पहिली फी आठशे, नंतरची पाचशे. सकाळी नवाची वेळ असली तरी दोन वाजेपर्यंतची तयारी ठेवायची. लाकडी बाकावर सलग बसू नका, दर अर्ध्या तासाने जिना उतरून चढून या. नंबर पुकारणाऱ्या पोराला आधी सांगून ठेवलं की तो थांबतो.

डॉक्टरांनी सहा प्रश्नांचा कागद पुढे केला. थकवा किती, पाठ-मान किती दुखते, इतर सांधे किती, दाबल्यावर किती, सकाळचा ताठरपणा किती आणि तो किती वेळ टिकतो. प्रत्येकाला शून्य ते दहा. चारच्या वर सरासरी गेली की आजार जोरात आहे असं धरतात. मी सगळीकडे चार-पाच लिहीत होतो. आपण पुरुषमाणूस, उगाच नऊ-दहा कशाला लिहायचे! शेजारी ही बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, नोव्हेंबरपासून यांचे मोजे मी घालते."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "दोन्ही पायांचे?"

"दोन्ही. आणि पायाची नखंही मीच कापते. गाडीवर मागे वळून बघता येत नाही म्हणून हायवेला जायचं त्यांनी सोडलंय."

हे सगळं त्यांनी शब्दशः लिहून घेतलं. मग मला उभं करून वाकायला लावलं, भिंतीला टाचा लावून डोकं टेकतं का बघितलं, छाती फुगवून टेपने मोजली. कागदावरचे माझे आकडे त्यांनी पुन्हा विचारून भरले, सरासरी सहाच्या पुढे गेली. तेव्हापासून मी डायरीत 'खूप दुखलं' असं लिहीत नाही. 'पाच वाजून दहाला उठलो, साडेसहाला वाकता आलं, बूट स्टुलावर बसून घातले' असं लिहितो. तपासायला दहा मिनिटं मिळतात, त्यात डॉक्टरांना अशा ओळींचा उपयोग होतो.

तपासण्यांचा खर्च असा झाला. एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेलं जनुक) रक्ततपासणी बावीसशे, सूज दाखवणाऱ्या सीआरपी, ईएसआर आणि लिव्हर, किडनी मिळून बाराशे, माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय साडेसहा हजार. एमआरआयच्या चिठ्ठीवर फक्त कमरेचे मणके लिहिलेले नाहीत ना, 'सॅक्रोइलिॲक सांधे' लिहिलंय ना, हे बघून घ्या. हा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो आणि साध्या एक्स-रेत काही वर्षं दिसतही नाही. माझी बी२७ पॉझिटिव्ह आली, एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना सूज. सीआरपी मात्र जेमतेम वाढलेली. रक्तात फारसं काही नाही म्हणजे आजार नाही, असं नसतं.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो तेव्हा चक्क हलकं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं होतं, ते आपल्या मनाचे खेळ नव्हते. घरी आल्यावर दोन दिवसांनी इंटरनेटवर वाकलेल्या पाठीचे फोटो बघितले आणि तो हलकेपणा गेला. ते फोटो बघू नका. औषधं नव्हती त्या काळातले बरेच आहेत.

पहिली पायरी सुजेवरच्या गोळ्या आणि व्यायाम. नॅप्रोक्सेन, ते पुरेना म्हणून एटोरिकॉक्सिब. प्रत्येकी काही आठवडे, पोटभर जेवून, मधेमधे किडनीची तपासणी. व्यायामाचं डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "गोळी विसरलास तर एक दिवस बिघडेल, व्यायाम विसरलास तर पाठ जाईल." फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठ मागे ताणायचे प्रकार, दीर्घ श्वास, रोज दहा-पंधरा मिनिटं पालथं झोपणं, पातळ उशी. तंबाखू-सिगारेट बंद, या आजारात ती थेट मणक्यांवर उठते. गोळ्यांनी निम्मा आराम पडला. निम्मा पडला नाही. पहाटेची जाग तशीच राहिली.

जूनमध्ये बायोलॉजिक इंजेक्शनचा, म्हणजे जिवंत पेशींतून बनवलेल्या, सूज रोखणाऱ्या औषधाचा विषय निघाला. ॲडालिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, कातडीखाली. आपल्याकडे त्याचे भारतीय बनावटीचे प्रकार मिळतात, तरी एका इंजेक्शनला मला तेव्हा आठ हजारांच्या आसपास पडले. त्याआधी टीबी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे. शरीरात झोपलेला टीबी हे औषध जागा करू शकतं, म्हणून. टीबीची मँटू टेस्ट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी ती वाचावी लागते. शुक्रवारी टोचून घेतली तर रविवारी वाचायला कोण बसलंय! सोमवारी घ्यावी.

माझी मँटू आणि नंतरची रक्ताची टेस्ट दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. एक्स-रे स्वच्छ होता. म्हणजे टीबीचा आजार नव्हता, जंतू आत दबून होते. आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत. सहा महिने आयसोनायझिड ही टीबीची गोळी, सोबत बी-६ची, आणि पहिला महिना झाल्यावरच इंजेक्शन. आईने पाकीट वाचून घेतलं आणि माझं ताट-तांब्या वेगळं काढून ठेवलं. तिला समजावताना नाकी नऊ आले. शेवटी तिला सोबत मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, याच्यापासून कुणाला काही होत नाही. उलट याला होऊ नये म्हणून गोळी आहे." परतल्यावर ताट पुन्हा मांडणीत गेलं. गल्लीत मात्र 'त्याला टीबी झालाय' हे बरेच दिवस चाललं, त्याला इलाज नाही.

पैशांचं सांगतो, कारण खरी झोप त्यानेच उडते. महिन्याला सोळा हजार हे माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. पतसंस्थेतून कर्ज काढलं. हिच्या भिशीत त्या वर्षी पहिला नंबर दुसऱ्या एका बाईंचा लागला होता, मुलीच्या ॲडमिशनसाठी त्यांनाही गरज होती, तरी त्यांनी तो हिला दिला आणि स्वतः सातवा घेतला. औषध कंपनीची रुग्णसहाय्य योजना असते, काही डोसांवर सवलत मिळते. ती आपणहून कुणी सांगत नाही, डॉक्टरांकडच्या मदतनिसाला विचारायचं. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापली जाते त्यांनी तिथे आधी चौकशी करावी. माझा पगार त्या मर्यादेच्या जरा वर, त्यामुळे ती वाट बंद.

पहिलं इंजेक्शन ऑगस्ट २०२३ मध्ये. पहिली काही दवाखान्यात डे-केअरमध्ये (त्याच दिवशी घरी सोडतात) घेतली, मग नर्सने शिकवलं तसं घरी मांडीत. फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवलं की टोचताना आग कमी होते. २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, म्हणून फ्रिजच्या दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याखालीही नको, मधल्या फळीवर. बेदाणाही आम्ही चारेक अंशांतच ठेवतो, त्यामुळे हे प्रकरण मला लगेच समजलं. एका वादळात गावाची लाइट रात्रभर गेली तेव्हा शेठनी स्वतः फोन केला. "आण की आपल्याकडे, जनरेटर चालू आहे. एवढा माल मावतोय, तुझी डबी मावत नाही व्हय?" ती रात्र माझं आठ हजारांचं इंजेक्शन बेदाण्याच्या पंधरा किलोच्या बॉक्सांशेजारी राहिलं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी जाग आली ती सहाला. आधी वाटलं, घड्याळ चुकलंय.

शेठकडे मी काम कमी करून मागितलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'जड काम टाळावे' एवढंच होतं, त्याचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा. मी जाऊन तीन गोष्टी सांगितल्या. थंड खोलीत स्टॉक मोजायला सकाळी नको, दुपारी चालेल. बॉक्स उचलणार नाही. दर तासाला पाच मिनिटं उभा राहीन, टेबल सोडून फिरीन, तेव्हा काम टाळतोय असं समजू नका. "एवढंच ना?" म्हणाले. सकाळची मोजणी दुसऱ्याकडे गेली, त्याच्या बदल्यात महिनाअखेरचं जीएसटीचं काम माझ्याकडे आलं.

आता विमा. पॉलिसी २०१८ पासूनची, आजार त्यानंतरचा. डे-केअरमध्ये घेतलेल्या इंजेक्शनांचा क्लेम केला तर 'ओपीडी उपचार, २४ तास भरती नाही' म्हणून फेटाळला. मी एजंटच्या मागे लागलो नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या सूचनांमध्ये आधुनिक उपचारांची यादी होती, तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलेलं होतं. ॲडालिमुमॅब त्याच जातीचं औषध. तेवढं वाक्य, पॉलिसीतला डे-केअरचा मुद्दा, डॉक्टरांचं पत्र आणि बिलं जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. ठरावीक छापाचं उत्तर आलं. मग 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली, टोकन नंबर मिळतो तो जपून ठेवायचा. त्यानेही नाही झालं तर विमा लोकपाल असतात, तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. सुमारे अडीच महिन्यांनी डे-केअरमधल्या इंजेक्शनांचे पैसे पॉलिसीतल्या उपमर्यादेपर्यंत आले. घरी घेतलेल्यांचे नाही आले, येणारही नाहीत. पत्रात मी 'फार त्रास होतो' वगैरे काही लिहिलं नव्हतं. तारीख, डोस, बिल नंबर, कलम. तिथे तेच चालतं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही केलं, २०२५ मध्ये. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, सही, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तपासणीचे वार ठरलेले असतात, निघण्याआधी फोन करा आणि मूळ रिपोर्टसोबत एमआरआयची फिल्मही न्या. मला ३० टक्के मिळाले. चाळीसच्या आत म्हणून पांढरं कार्ड. एसटीची सवलत नाही, आयकरात सूट नाही. उपयोग काय, तर अजून तरी फारसा नाही.

आणि घरचं. पहिल्या दोन वर्षांत ही रोज सकाळी विचारायची, "बरं आहे का?" आणि मी रोज चिडायचो. बरं आहे म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर तिचं तोंड उतरणार. मिरजेच्या त्या दिवसानंतर प्रश्न बदलला. "मोजे तुम्ही की मी?" एवढंच. 'मी' म्हणालो तर दिवस चांगला, 'तू' म्हणालो तर पाणी तापवून द्यायचं, मुलीला शाळेत ती सोडणार, आणि याच्यावर चर्चा नाही. हिला अर्धशिशी आहे, लग्नाच्या आधीपासून. मी इतकी वर्षं तिला "गोळी घे आणि पड" एवढंच सांगत होतो. मग मीही विचारलं, "डोकं चढलं की नेमकं काय करू?" तिची यादी तयारच होती. फोडणी द्यायची नाही, वास सहन होत नाही. मागच्या खोलीची खिडकी लावायची. पोरीला दोन तास बाहेर न्यायचं. आणि दर दहा मिनिटांनी दारात येऊन "आता कसं वाटतंय" विचारायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडे दहीभात असतो.

मिरजेच्या वेटिंगमध्ये ओळख झालेल्या कवठेमहांकाळच्या एक काकू आहेत. त्यांना हातांच्या सांध्यांचा वात, मेथोट्रेक्सेट चालू. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदा औषध बदलून आणलं तेव्हा त्यांच्या सुनेने रोजच्या डबीत भरून ठेवलं होतं. काकूंनी सहज ग्रुपवर डबीचा फोटो टाकला आणि दोघातिघांनी एकदमच फोन केले. रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतू शकते. तेव्हापासून काकूंच्या पाकिटावर स्केचपेनने 'फक्त रविवार' लिहिलेलं असतं. हा ग्रुप आम्ही वेटिंगमधल्याच काहीजणांनी केलाय. नियम दोनच, कुणी काढा-तेलाचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत, आणि कुणी रात्री तीनला 'जागा आहे' लिहिलं तर जो जागा असेल त्याने निदान अंगठा तरी दाखवायचा. सल्ला द्यायलाच हवा असं नाही.

ग्रुपचा खरा उपयोग इंजेक्शन आणायला होतो. ज्याची मिरजेची तारीख असेल तो बाकीच्यांची घेऊन येतो, थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये कापड घालून, म्हणजे थेट बर्फाला लागत नाहीत. तासगाव स्टँडवर संध्याकाळी हस्तांतर.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची बी२७ करून घेऊ का, हे आईने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, लक्षणं नसताना नको. बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यभर होत नाही, उगाच पोरीला एक काळजी चिकटेल. आईला ते पूर्ण पटलेलं नाही. मला पटलंय, बहुतेक.

सध्या डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन तीन आठवड्यांवर गेलंय, त्यामुळे खर्चही खाली आला. डोळा मधे एकदा लाल झाला, त्याच दिवशी दाखवला, वेळेत आटोक्यात आला. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. पुढच्या महिन्यात रक्ततपासणी आणि मिरज. तासगाव-पलूसकडच्या कुणाला आपलं औषध मागवायचं असेल तर आधी सांगा, बर्फाच्या दोन पिशव्या माझ्याकडे जादा आहेत.